चौकाला कान असावेत

पांढुर्ण्यास गेलो की मी जाम नदीच्या काठी घटकाभर बसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पात्रात पळस रोवून पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार होते. आरोळ्यांनी कान किटून जातात. पण तो कल्लोळ वर्षातला एका दिवसाचा. मला छळतो तो रोजचा. मोटारींचे भोंगे सिमेंटच्या फरशीवर व भिंतींवर आदळून माघारी येतात. चौकात दोघा म्हाताऱ्यांना सुखदुःखाचे बोलावयाचे तर ओरडावे लागते.

यावर चार झाडे लावून भागत नाही. विरळ रांगेतून आवाज सहज पार होतो. रस्त्याकडेला मातीचा उंच बांध घालावा, त्यावर दाट झुडपे लावावीत. फरशीऐवजी हिरवळ आणि भुसभुशीत माती राखावी, म्हणजे आवाज जिरतो. पाण्याचीही मदत घ्यावी. न्यूयॉर्कमध्ये १९६७ साली झालेल्या पेले पार्कात २० फूट उंचीवरून पाणी कोसळते; रहदारीचा गोंगाट त्यात बुडून जातो.

२०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. कचेऱ्या, रस्ते, चौक यांची आखणी व्हावयाची ती अशाच वेळी. वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहेच. परंतु एकदा सिमेंट ओतले की नियम हतबल होतो. म्हणून माझे एवढेच मागणे: नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी आखणाऱ्याने त्या जागी तासभर डोळे मिटून बसावे.