द्रविडांच्या राहुलचा राग

कर्नल सी. के. नायडू यांनी १९४१ साली बाथगेट कंपनीच्या लिव्हर टॉनिकची जाहिरात केली. भारतीय क्रिकेटपटूने एखाद्या मालाला आपले नाव दिल्याचे ते पहिले उदाहरण समजतात. नायडूंचे नाव म्हणजे काय हे इंदूरकरांस सांगावयास नको. होळकर दरबाराने १९२३ साली त्यांना येथे आणले, आणि त्यांच्या षटकारांची वर्णने आमच्या वाडवडिलांना तोंडपाठ होती. त्या टॉनिकपायी नायडूंना भर रस्त्यात उभे राहून कोणावर ओरडावे लागले नाही, एवढे मात्र खात्रीने सांगता येते. बरोबर ऐंशी वर्षांनी, २०२१ च्या एप्रिलात, याच इंदुरात जन्मलेल्या दुसऱ्या एका फलंदाजावर ती पाळी आली.

राहुल द्रविडची ‘क्रेड’ची जाहिरात बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. आयपीएलचा हंगाम सुरू होत असताना ती आली. क्रेडिट कार्डाचे बिल भरले की बक्षीस मिळते, हे ऐकावयास राहुल द्रविड तापट आहे असे म्हणण्याइतकेच विचित्र वाटते, असे निवेदक जिम सर्भ सांगतो. लगेच दिसतो तो बंगळूरच्या वाहतुकीत अडकून पडलेला राहुल. तो हॉर्न वाजवितो, शेजारच्या गाडीवाल्यावर ओरडतो, त्याच्या काचेवर हातातले पेय फेकतो, बॅटीने आरसा फोडतो, आणि अखेर गाडीच्या छतातून वर येऊन आपण इंदिरानगरचे गुंड असल्याचे जाहीर करतो! दिग्दर्शन अय्यप्पा के. एम. यांचे. राहुलभाईंचे हे रूप कधी पाहिले नव्हते, असे विराट कोहलीनेही लिहिले.

पडद्यावर हा सारा मिनिटाभराचा खेळ. परंतु अशा जाहिरातीचे शूटिंग बाहेर रस्त्यावर करणे म्हणजे लग्नघरच. नटाजवळ वेळ असतो, खेळाडूजवळ नसतो. करारात वर्षाचे मोजके दिवस व दिवसाचे मोजके तास लिहिलेले असतात. बाकीचे सामने, सराव आणि प्रवास यांचे. म्हणून तो यावयाच्या कितीतरी आधी सर्व मांडामांड करून ठेवतात. रस्ता अडवावयाचा तर पोलिसांची व पालिकेची परवानगी हवी. जनरेटर, भाड्याच्या गाड्या, त्यांत बसावयास माणसे हवीत. खेळाडूच्या बांध्याचा एक बदली माणूस त्याच्या जागी उभा करून कॅमेरा व दिवे आधीच लावून घेतात. खुद्द पाहुणे आले की फक्त माणूस बदलावयाचा.

गोष्टीचा क्रम तर पार गुंडाळून ठेवतात. खेळाडूचा चेहरा दिसावयाचा ती दृश्ये आधी; त्याला पाहून दचकणारी माणसे, फुटलेल्या काचा, दुरून दिसणारी गर्दी, हे तो निघून गेल्यावर. पडद्यावर ज्याच्यावर तो कडाडतो तो बिचारा कित्येकदा नुसत्या हवेकडे पाहून दचकलेला असतो. त्यातून ऊन काही कोणाच्या करारात बांधलेले नसते. सकाळी घेतलेल्या दृश्याला दुपारची सावली जुळत नाही. आणि हल्ली तर बघ्यांपैकी प्रत्येकाच्या हातात कॅमेरा!

पण खरी अडचण याहून निराळी. खेळाडू हा नट नव्हे. भरल्या मैदानात शतक झळकविणारा गडी कॅमेऱ्यापुढे चार वाक्यांना अडखळतो. म्हणून जाणता लेखक त्याच्या तोंडी फार घालीत नाही. कपिलदेवला पामोलिव्हच्या जाहिरातीत एक पंजाबी ढंगाचे वाक्य दिले. तेवढेच वर्षानुवर्षे लोकांच्या ओठांवर राहिले. बहुधा चेंडू, बॅट, धावणे, अशी त्याच्या अंगवळणी पडलेलीच गोष्ट त्याला करावयास सांगतात. तेथेही पेच असतोच. पेप्सीच्या एका जाहिरातीत सचिन तेंडुलकरने माशा मारावयाच्या जाळीने चेंडू टोलवावा, अशी मूळ कल्पना होती. सचिनने नकार दिला. अशाने मी खेळापेक्षा मोठा दिसेन, असे त्याचे म्हणणे. मग जाळीऐवजी हाती स्टंप आला. हा किस्सा दिग्दर्शक प्रल्हाद कक्कर यांनीच सांगितलेला आहे. तंबाखू व दारूची जाहिरात करणार नाही, हा वडिलांना, प्रा. रमेश तेंडुलकरांना, दिलेला शब्दही त्याने पाळला. १९९६ च्या विश्वचषकात त्याची बॅट कोरीच होती.

राहुलच्या बाबतीत सगळेच उलटे. जे त्याने उभ्या आयुष्यात केले नाही तेच त्याच्याकडून करवून घेतले, आणि तरी जाहिरात फसली नाही. का? कसोटीत तो ३१,२५८ चेंडू खेळला. २०१२ साली निवृत्त झाला तेव्हा इतके चेंडू दुसरा कोणीही खेळला नव्हता. समोरचा गोलंदाज तोंडाला येईल ते बोले, आणि हा खाली मान घालून पुढच्या चेंडूसाठी उभा राही. ते ज्याने पाहिले नाही त्याला या जाहिरातीत हसण्यासारखे काय आहे हे कळावयाचे नाही. जाहिरातवाल्यांनी त्या दिवशी भाड्याने घेतला तो त्याचा चेहरा नव्हे, सोळा वर्षांचा संयम. मला स्वतःला हसू आले खरे, पण त्याबरोबर थोडी धाकधूकही वाटली. ही पुंजी अशी एकदाच मोडता येते. दुसऱ्या खेपेस तो ओरडता, तर तो नुसता एक ओरडणारा मनुष्य झाला असता.

राहुलचे वडील किसान कंपनीत होते. तेथल्या जॅमवरून सोबत्यांनी त्याचे नाव ‘जॅमी’ पाडले. आई बंगळूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुकलेच्या प्राध्यापिका. रस्त्याच्या मधोमध, माणसे पाहत असताना आरडाओरडा करावयाचा मोठा संकोच वाटला, असे राहुलने पुढे सांगितले. लोकांना जाहिरात आवडली. पण आपल्या मुलाने अशा काचा फोडाव्यात, हे आईला काही अजून पटलेले नाही, असेही तो त्या वेळी म्हणाला.