प्रसाधनांची नावे आणि त्यांतील द्रव्ये

वस्तूंची नावे सामान्यतः दोन रीतींनी पडतात. काही नावे वस्तू कशाची केली आहे हे सांगतात. काही ती कशासाठी वापरतात एवढेच सांगतात. 'तुरटी' व 'टाकणखार' ही पहिल्या प्रकारची नावे, तर 'कुंकू' आणि 'काजळ' ही आज दुसऱ्या प्रकारची होत. 'आज' असे म्हणण्याचे कारण हे की, ही दोन्ही नावे मुळात द्रव्यवाचकच होती. पुढे द्रव्य पालटले आणि नाव तेवढे टिकले. हा अर्थांतराचा प्रकार भाषेच्या अभ्यासकास नवा नाही. परंतु प्रसाधनांच्या बाबतीत त्याचा परिणाम कोशापुरता मर्यादित राहत नाही. तो कपाळावर, डोळ्यांत आणि लहान मुलांच्या वाढीतही दिसून येतो.

प्रथम 'कुंकू' हा शब्द घेऊ. संस्कृतातील 'कुंकुम' म्हणजे केशर. अमरकोशात त्याचे पर्याय देताना काश्मीर देशाशी असलेला त्याचा संबंध नोंदलेला आहे. मराठीत केशरासाठी 'केशर' हाच शब्द रूढ झाला आणि 'कुंकू' हे नाव हळदीपासून केलेल्या लाल पुडीस मिळाले. हळकुंडाचे तुकडे लिंबाचा रस, टाकणखार व तुरटी यांत मुरवले म्हणजे हळदीचा पिवळा रंग लाल होतो. ते वाळवून कुटले की कुंकू तयार होते. त्यानंतर कारखान्यांत तयार होणारे कृत्रिम रंग आले आणि पांढऱ्या पुडीत असा रंग मिसळलेला पदार्थही त्याच नावाने विकला जाऊ लागला. अशा काही रंगांमुळे कपाळावर खाज, पुरळ किंवा काळसर डाग उद्भवल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदले आहे. मेणावर कुंकू लावण्याची रीत मागे पडून चिकटणारी टिकली आली, तेव्हा रंगाच्या जोडीला डिंकाचा प्रश्न उभा राहिला. काही टिकल्यांच्या डिंकात असणाऱ्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल या द्रव्यामुळे कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडू शकतो.

'शेंदूर' आणि 'हिंगूळ' यांची गोष्ट याहून गंभीर आहे. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड, तर हिंगूळ हा पाऱ्याचा सल्फाइड. 'शेंदरी' आणि 'हिंगुळी' ही विशेषणे रंगवाचक झाली, यावरून लोकमानसात या शब्दांची खूण द्रव्याशी नव्हे, रंगाशी जोडली गेली हे उघड होते. महाराष्ट्रात शेंदूर मुख्यतः मारुती-गणपतीच्या मूर्तींना लावतात. उत्तर भारतात मात्र 'सिंदूर' स्त्रियांच्या भांगात भरला जातो. अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सिंदुराचे ११८ नमुने तपासले. त्यांपैकी ९५ न्यू जर्सीतून आणि २३ मुंबई व दिल्ली येथून घेतलेले होते. दर ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम शिसे ही मर्यादा न्यू जर्सीतील १९ टक्के, तर भारतातील ४३ टक्के नमुन्यांनी ओलांडलेली आढळली. अशा शिशाचा अखंड त्वचेतून फारसा प्रवेश होत नाही. ते बोटांवाटे तोंडात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीस त्याचा अपाय होतो, आणि शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

डोळ्यांत घालावयाच्या द्रव्यांतही हाच भेद आहे. 'काजळ' हे संस्कृत 'कज्जल' शब्दापासून आले असून त्याचा मूळ अर्थ दिव्याची काजळी. 'सुरमा' हे मात्र खनिजाचे नाव. कोशांत त्याचा अर्थ अँटिमनीचे खनिज असा दिला जातो. प्रत्यक्षात तपासलेले सुरमे पुष्कळदा शिशाच्या सल्फाइडाचे निघाले आहेत. दोन्ही खनिजे काळी व चकचकीत असल्यामुळे एकाच्या नावाखाली दुसरे सहज खपते. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत सुरमा घालणाऱ्या घरांत हा शब्दार्थाचा वाद राहत नाही.

सुरक्षित प्रसाधनांच्या शोधास निघालेल्या व्यक्तीचा प्रवास बहुधा तीन टप्प्यांनी होतो. त्रास झाला की ती प्रथम छाप बदलते, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते. दुसऱ्या टप्प्यात ती विशेषणांवर विसंबते: 'नैसर्गिक', 'आयुर्वेदिक', 'रसायनमुक्त'. पण खाणीतून निघणारा हिंगूळ पूर्णपणे नैसर्गिकच असतो. 'रसायन' या शब्दाचा इतिहास तर अधिक बोधप्रद आहे. आयुर्वेदात तो वार्धक्य दूर ठेवणाऱ्या उपचाराचा वाचक होता. आता तो भीतीचा शब्द झाला आहे. वस्तुतः पाणीही रसायनच असल्याने 'रसायनमुक्त' या विशेषणास काहीच अर्थ उरत नाही. तिसऱ्या टप्प्यावर ती व्यक्ती वेष्टनाची मागील बाजू वाचू लागते. खरा प्रवास येथून सुरू होतो.

या वाचनास कायद्याचा आधार आहे. १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने प्रसाधनांचा समावेश झाला, आणि आता २०२० चे प्रसाधन नियम लागू आहेत. रंगासाठी शिशाची वा सोमलाची संयुगे वापरण्यास मनाई आहे. रंगद्रव्यात शिसे दशलक्ष भागांत २० भागांहून अधिक असता कामा नये. एक टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक वेष्टनावर उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. रंगद्रव्ये पुष्कळदा 'कलर इंडेक्स' क्रमांकाने दर्शविली जातात: ७५३०० म्हणजे हळदीतील पिवळा रंग, ७७४९१ म्हणजे लोहाचा लाल ऑक्साइड. भाषादृष्ट्या हे क्रमांक लक्षणीय आहेत. त्यांना लक्षणा नाही, मांगल्य नाही, रंगाची आठवण नाही. म्हणूनच 'कुंकू' शब्दाप्रमाणे ते एका द्रव्यावरून दुसऱ्यावर घसरत नाहीत.

तथापि या यादीचीही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. उत्पादक जे मुद्दाम घालतो तेच यादीत येते. अशुद्धीच्या रूपाने आलेले शिसे तीत दिसत नाही, ते प्रयोगशाळेतच सापडते. आणि पेठेत कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या सुट्या कुंकवाला अथवा शेंदराला यादीच नसते. तेथे ग्राहकाच्या हाती केवळ नाव असते. ते नाव परंपरेने आदरणीय असले, तरी पुडीत काय आहे याची साक्ष ते देऊ शकत नाही. म्हणून ज्याला घटकांची यादी नाही व उत्पादकाचा पत्ता नाही, असे प्रसाधन निदान लहान मुलांच्या अंगाला लावू नये, आणि शेंदूर हाताळल्यावर हात धुवावेत, एवढा व्यावहारिक निष्कर्ष या शब्दांच्या इतिहासातून निश्चित निघतो.