मधुमेही मूत्रपिंडासाठी औषधांची नवी लक्ष्ये

मधुमेहात मूत्रपिंड निकामी होण्यामागे वाढलेली साखर असते, पण ती एकटी नसते. दोन्ही मूत्रपिंडांतील लक्षावधी सूक्ष्म गाळण्यांतून रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातली साखर वाया जाऊ नये म्हणून पुढच्या नलिकेतील एसजीएलटी-२ हे प्रथिन ती सोडियमसह परत शोषून घेते. मधुमेहात हे शोषण अतोनात वाढते. साहजिकच पुढे सोडियम कमी पोहोचते, गाळण कमी होते आहे असा मूत्रपिंडाचा समज होतो आणि गाळणीकडे येणारी धमनी रुंदावते. आतला दाब चढतो, गाळणी झिजते आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरू लागते. रुग्णाला मात्र बरीच वर्षे काहीच जाणवत नाही.

म्हणूनच एसजीएलटी-२ रोखणारी औषधे मोलाची ठरली. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतातच, शिवाय गाळणीतला दाब उतरवतात. या गटातले रेमोग्लिफ्लोझिन जगात सर्वप्रथम २०१९मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कने भारतात आणले; मूत्रपिंड वाचवण्याचा भक्कम पुरावा मात्र कॅनाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन यांच्या मोठ्या चाचण्यांतून मिळाला. डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट २०२०मध्ये संपल्यावर स्वस्त जेनेरिक गोळ्या आल्या. पुणे जिल्ह्यातील अंदर मावळातल्या किंवा पवन मावळातल्या कुटुंबाला याचे मोल मोठे आहे; डायलिसिस सुरू झाले की आठवड्यातून दोन-तीनदा तळेगाव नाहीतर पिंपरी गाठावी लागते आणि रुग्णाबरोबर सोबत्याचाही रोजगार बुडतो.

दुसरे लक्ष्य म्हणजे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक. त्याच्या अतिरेकाने मूत्रपिंडात दाह होतो आणि ऊती तंतुमय होऊन निबर बनतात. फिनेरेनोन त्याचा ग्राही अडवते. रक्तातल्या पोटॅशियमवर तेवढे लक्ष ठेवावे लागते. २०२५च्या कॉन्फिडन्स चाचणीत फिनेरेनोन आणि एम्पाग्लिफ्लोझिन एकत्र दिल्यावर लघवीतले अल्ब्युमिन सुमारे निम्म्यावर आले. तिसरे लक्ष्य जीएलपी-१ या संप्रेरकाशी निगडित आहे; या गटातल्या सेमाग्लुटाइडने २०२४च्या फ्लो चाचणीत मूत्रपिंडाच्या गंभीर घटना व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचा एकत्रित धोका २४ टक्क्यांनी घटवला.

प्रत्येक लक्ष्य फळले नाही. पेशींची दाहविरोधी यंत्रणा जागवणाऱ्या बार्डोक्सोलोनची मोठी चाचणी २०१२मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढले. आता अल्डोस्टेरॉन तयार करणारे विकरच रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एंडोथेलिनचा ग्राही अडवण्याचे प्रयत्नही झाले आहेत; तिथे शरीरात पाणी साठण्याची अडचण कायम आहे.