विमानाच्या पंखांतील गळतीचें निदान

चिरनेरसारख्या गांवीं कौलारू घरांत ज्यांचे पावसाळे गेले आहेत, त्यांस एक गोष्ट सांगावयास नको. माजघरांत जेथें पाणी ठिबकतें, त्याच्या नेमकें वर फुटकें कौल क्वचितच सांपडतें. पाणी कोठें तरी वर शिरतें, वाशावरून चार हात वाहत जातें आणि मग खालीं पडतें. जाणता गडी म्हणूनच थेंबाकडे न पाहतां वाशावरील ओल्या रेषेकडे पाहतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावर विमानांची ये-जा सुरू झाली आणि घरांतील मुलें विचारूं लागलीं कीं, एवढ्या उंचावर पंखांवर बर्फ कसा सांचत नाहीं? उत्तर शोधतां शोधतां आम्ही पुन्हा या गळतीपाशींच येऊन पोंचलों.

कोंकणांत बर्फ कोठला, असें कोणी म्हणेल. परंतु ऐन पावसाळ्यांतहि आपल्या डोक्यावर सुमारें पांच किलोमीटर उंचीवर हवा गोठणबिंदूस आलेली असते; चिरनेरहून उरण याहून दूर आहे. त्यावरच्या ढगांत शून्याखालींहि न गोठलेले जलबिंदु तरंगत असतात आणि पंखाच्या पुढच्या कडेवर आपटतांच त्यांचा बर्फ होतो. या बर्फाच्या वजनापेक्षां त्यामुळें पंखाचा आकार बिघडतो तें अधिक घातक.

यावरील उपाय मोठा युक्तीचा आहे. जेट इंजिन बाहेरची हवा ओढून दाबतें व दाबल्यानें ती अतिशय तापते. त्यांतील थोडी हवा इंधन पेटण्यापूर्वींच काढून घेतात. तिला ‘ब्लीड एअर’ म्हणतात. म्हणजे भाषा रक्तमोक्षणाचीच! ती निववून सुमारें २०० अंश सेंटिग्रेडवर आणितात आणि नळांवाटे पंखाच्या कडेच्या पोकळींत सोडतात. बहुतेक जेट विमानांत प्रवाशांच्या श्वासाची हवाहि येथूनच येते. २० सप्टेंबर २०१८ रोजीं मुंबईहून जयपुरास निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानांत हा पुरवठा सुरू करण्याची कळच फिरवावयाची राहिली. १६६ प्रवाशांपैकीं अनेकांच्या नाकाकानांतून रक्त आलें व विमान मुंबईस परतलें. तेथें नळ फुटला नव्हता. पण या हवेवर किती अवलंबून आहे, हें त्यावरून दिसतें.

आतां नळच सांध्यावर सुटला तर? ती धार शेजारच्या तारांवर व पंखाच्या सांगाड्यावर बसेल, आणि पंखांतच तर इंधनाच्या टाक्या! म्हणून नळांच्या कडेनें एक बारीक धातूची नळी फिरविलेली असते. तिच्या मध्यांतून तार जाते व तारेभोंवतीं विशिष्ट क्षार भरलेला असतो. ठराविक उष्णतेस (पुष्कळ विमानांच्या पंखांत ही मर्यादा सुमारें १२४ अंश असते) क्षार वितळून वीज वाहूं देतो आणि वैमानिकापुढें दिवा लागतो. मग त्या बाजूची हवा बंद करावी लागते. खरा पेंच येथें आहे. गळती थांबते, पण पंखाची ऊबहि जाते. बर्फाच्या ढगांतून शक्य तितक्या लवकर बाहेर पडणें एवढेंच हातीं राहतें.

तर्कशास्त्र शिकलेल्यांस धूम व अग्नि यांचा संबंध पाठ असतो. पण हेतु साध्यावांचूनहि आढळला, तर तो सव्यभिचार. हा दिवा तसा होऊं शकतो. तारेच्या जोडांत ओल शिरली किंवा नळी घासून झिजली, तरी गळती नसतां दिवा लागतो. म्हणून पुष्कळ ठिकाणीं अशा दोन नळ्या जोडीनें बसवितात. दोघींनीं एकच साक्ष दिली तरच ती ग्राह्य. हवेंत असतां मात्र वैमानिकानें दिवा खराच मानावयाचा. तर्क लढवावयाचा तो जमिनीवर, आणि तो कारागिरानें.

हें काम सोपें नव्हे. विमान उतरेपर्यंत नळ निवतात, सांधे आवळतात, पंखाचें लवणें थांबतें आणि गळती नाहींशी होते. वैद्याच्या ओसरीवर येतांच रोग्याचा ताप उतरावा, तसेंच हें. कारागीर प्रथम साक्षीदारच तपासतो: नळीचा विद्युत्-रोध मोजतो, जोड उघडून ओल पाहतो. साक्ष खरी ठरली तर नळांत पुन्हा दाबाची हवा सोडून सूंसूं आवाजाचा कानोसा घेतो. हातानें चांचपण्याचा मोह येथें भाजून काढील. शिवाय नळांवर उष्णता कोंडणारें वेष्टण असतें. आंत सुटलेली हवा त्याखालून सरकत जाऊन भलत्याच ठिकाणीं बाहेर पडते. म्हणून काळवंडलेला रंग, करपलेलें वेष्टण, तपकिरी ओघळ यांचा माग काढीत तो उलट चालतो. ती आमच्या वाशावरची ओली रेषाच. बहुधा शेवटीं सांपडतो तो सैल झालेला क्लॅम्प किंवा झिजलेलें सील. कधीं नळाला गेलेला केंसाएवढा तडा. सांध्यांतून किंचित् हवा झिरपणें कित्येक ठिकाणीं क्षम्यहि असतें; किती, तें निर्मात्याच्या पुस्तकांत दिलेलें असतें.

बोइंगनें आपल्या ७८७ विमानांत ही नळांची यातायातच काढून टाकिली; पंखाची कड तेथें विजेनें तापते. फक्त इंजिनाच्या तोंडाशीं बर्फ धरूं नये म्हणून तेवढी उष्ण हवा अजून इंजिनांतूनच घेतात. घरावर स्लॅब पडला, पडवी तेवढी कौलारू राहिली.