‘वर’ एकच, ऑन-ओव्हर-अबव्ह किती!

नाशिक गोदावरीवर वसले आहे. गोदावरीवर पूल आहे. मराठीत दोन्हीकडे तोच ‘वर’. इंग्रजीत मात्र गाव नदीच्या ‘ऑन’ असते आणि पूल ‘ओव्हर’ किंवा ‘अक्रॉस’. एमपीएससीच्या गट ‘ब’ मुख्य परीक्षेतील इंग्रजीत उमेदवार अडखळतो तो अशा ठिकाणी.

या परीक्षेतून फौजदार म्हणून निवड झाली तर प्रशिक्षण नाशिकच्याच महाराष्ट्र पोलीस अकादमीत. पण त्याआधी या चिमुकल्या शब्दांचा बंदोबस्त करावा लागतो.

मराठीचे शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, इंग्रजीचे पुढे उभे राहते. जागा लवकर अंगवळणी पडते, अर्थाची वाटणी नाही. ‘पासून’ घ्या. ‘2022 पासून शिकतोय’ इथे ‘सिन्स’, कारण सुरुवातीचा क्षण सांगितला आहे; ‘दोन वर्षांपासून’ म्हटले की ‘फॉर’, कारण तो कालावधी झाला. ‘ने’चेही तसेच: सुरीने कापले तर ‘विथ’, बसने गेले तर ‘बाय’. शिवाय त्या बसमध्ये बसलेला माणूस ‘ऑन द बस’ आणि रिक्षातला ‘इन’! बसमध्ये उभे राहता येते, चालता येते, हे कारण बहुतेक वेळा लागू पडते.

‘विषयी चर्चा’ डोक्यात असल्याने ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते. तिथे ‘अबाउट’ नकोच. ‘पेक्षा’ची सवय ‘सीनियर’पुढे ‘दॅन’ लिहायला लावते. पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर ही लॅटिनची मंडळी. त्यांना ‘टू’ लागते.

म्हणून सुट्या अव्ययांच्या याद्या घोकण्यापेक्षा ‘सीनियर टू’, ‘मॅरीड टू’ अशा जोड्याच वहीत उतरवाव्यात, शेजारी स्वतःचे एक वाक्य.