गाडीचं दार फोडलं? आधी चाव्या मोजा, मग कुलूप बदला



माल निघाला की वळसंगहून सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीकडं गाड्यांची ये-जा रात्रंदिवस चालू असते. परत येताना ड्रायव्हर दमलेला असतो. अक्कलकोट रोडला गाडी कडेला लावून थोडा वेळ डोळा लागतो, नाहीतर गावात आल्यावर गाडी चौकातच राहते. सकाळी बघावं तर दाराचं कुलूप पिळलेलं, समोरचा खण उचकटलेला.

अशा वेळी आपण गॅरेजवर जातो, फुटलेल्या बाजूचं कुलूप बदलतो आणि विषय सोडून देतो. चूक इथंच होते. फुटलेलं कुलूप डोळ्याला दिसतं, गेलेली चावी दिसत नाही. बऱ्याच गाड्यांत दुसरी चावी खणातच पडलेली असते. ती चोराच्या हाती लागली असेल, तर पुढच्या वेळी त्याला दार फोडायचीही गरज नाही. तो सरळ गाडीच घेऊन जाईल.

पहिल्या तासात काय करायचं

दाराला, स्टेअरिंगला, खणाला हात लावू नका. बोटांचे ठसे असतात. मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. काय गेलं त्याची यादी कागदावर लिहा: रोख, हिशोबपट्टी, आरसी, चावी, जॅक, ताडपत्री. बॅटरी, स्टेपनी आणि डिझेल टाकीचं झाकणही बघा.

मग 112 ला फोन करा किंवा वळसंग पोलीस ठाण्यात जा. चोरी सोलापुरात यार्डाजवळ झाली की वाटेत, हा प्रश्न आडवा येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणाचीही असली तरी तक्रार नोंदवता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. मालवाहू गाडीतून वस्तू चोरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 खाली गुन्हा आहे. शिक्षा 7 वर्षांपर्यंत आणि दंड. तेव्हा "किरकोळ आहे, जाऊ दे" म्हणू नका.

दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर कुलूप-काचेचे पैसे मिळत नाहीत. फुल विमा असेल तर मिळू शकतात. पण छोट्या रकमेसाठी क्लेम केला तर पुढच्या वर्षीची नो क्लेम सूट जाते, तो हिशोब आधी करा. गाडीतल्या मालाचा विमा वेगळा असतो. गाडीच्या विम्यात तो धरलेला नसतो.

कुलूप बदलताना

चावी गेली असेल, किंवा गेली की नाही याची खात्री नसेल, तर एकच दार बदलून भागत नाही. दोन्ही दारं आणि स्टार्टरची चावी मिळून पूर्ण लॉकसेट घ्या. एकाच चावीनं सगळं चालतं आणि जुनी चावी बाद होते.

मेकॅनिक काम करत असताना जवळ थांबा. काच पूर्ण वर घेतात, काच फिरवायचं हँडल आणि दाराचं आतलं पॅड काढतात. आत चावीच्या भागाला धरून ठेवणारी पत्र्याची क्लिप असते, ती सरकवली की जुनं कुलूप बाहेर येतं. खटक्याला जोडणारी सळई वाकली असेल तर तीही बदला, नाहीतर नवं कुलूपही अडकेल.

दार लगेच बंद करू नका. उघड्या दाराचा खटका स्क्रूड्रायव्हरनं दाबून बसवा, चावी फिरवा, हँडल ओढून बघा. उघडता कामा नये. चावीनं परत सोडवा, आता सुटलं पाहिजे. तीन वेळा बरोबर झालं तरच दार लावा. सळई निसटलेली असताना दार बंद झालं तर आतलं पॅड काढणंही अवघड होतं.

पहारीनं दार वाकवलं असेल तर आधी ते सरळ करून घ्या. फट राहिली तर पाणी आत जातं आणि पुढच्या वेळी पहार घालायला जागाही मिळते. कुलपात ग्रीस भरू नका, धूळ बसून चावी अडकते. ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते.

पुन्हा होऊ नये म्हणून

मागच्या फाळक्याला कडी-कोयंडा लावणार असाल तर स्क्रूवर बसवू नका. आरपार बोल्ट टाका, नट आतून घ्या आणि वेल्डिंगचा टाका मारा. बॅटरीच्या पेटीला आणि डिझेल टाकीला कुलूप लावा. गाडी उजेडात लावा, जमलं तर मागची बाजू भिंतीला टेकवून.

गाडीत रोख आणि हिशोबपट्टी ठेवू नका. आरसी, विमा, लायसन डिजीलॉकर किंवा एम-परिवहनवर ठेवलं तर तपासणीत चालतं. मूळ कागद घरी ठेवा. खण रिकामा करून उघडाच ठेवा, आत काही नाही हे बाहेरून दिसू दे.

शेवटची गोष्ट, बिनपैशाची. गटाची किंवा भाड्याची गाडी असेल तर एका वहीत लिहा: चाव्या किती, कोणाकडं, कधी दिली, कधी परत आली. चोरी झाली की पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. वर्षानुवर्षं आपला माल वेळेवर पोचवणाऱ्या माणसाला नोंद नसल्यामुळं खाली मान घालावी लागू नये. वही असेल तर मालकाचीही सोय होते आणि ड्रायव्हरचीही अब्रू राहते.

आज संध्याकाळी गाडी लावल्यावर एवढंच करा: चाव्या मोजा. एक जरी कमी भरली, तर चोरी व्हायची वाट न बघता लॉकसेट बदला.

हा मेसेज आपल्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवा.