खड्डा कोणाचा, मत कोणाला?

इंग्लंडमधील एखाद्या गल्लीत कचऱ्याचा डबा ठरल्या दिवशी रिकामा झाला नाही, की शेजाऱ्यांच्या गप्पा थेट पंतप्रधानांपर्यंत पोहोचतात. वस्तुतः कचरा, बहुतेक रस्त्यांवरील खड्डे, वाचनालये आणि बांधकाम-परवाने हा कौन्सिलचा कारभार. व्हिसाचे नियम मात्र वेस्टमिन्स्टरमध्ये ठरतात. अर्थात, कौन्सिलच्या तिजोरीत केंद्राचे अनुदानही येत असल्यामुळे शेजाऱ्यांचा रोष अगदीच अनाठायी नसतो.

हा रोष मतपेटीत मात्र उलटा उमटतो. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे ६० टक्के मतदान झाले. कौन्सिलच्या निवडणुकीत ते बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास रेंगाळते. म्हणूनच तेथे थोडी मतेही वॉर्डाचा निकाल फिरवू शकतात.

येथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रौढ भारतीय नागरिकांना, राष्ट्रकुलाचे नागरिक या नात्याने, दोन्ही निवडणुकांत मताधिकार आहे. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. मतदारयादीत नाव नोंदवावे लागते. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्टही ग्राह्य धरला जातो. कौन्सिल टॅक्स भरणाऱ्या मराठी कुटुंबाने गल्लीच्या कारभारावरील हा हक्क वाया का घालवावा?